खळीतली नीळ

बाबा, तुमच्या अकरा वह्यांपैकी आता एकच माझ्याकडे आहे. बाकीच्या दहा काल तुमची धाकटी लेक रायपूरला घेऊन गेली, माझ्याच एका जुन्या सुती साडीत बांधून. ही शेवटची ती मुद्दाम ठेवून गेली. का ठेवली ते पुढे येईलच. तुम्ही गेलात त्याला बेचाळीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला हे पहिलंच पत्र लिहिते आहे. तुम्ही होतात तोवर गरज पडली नाही. माझं लग्न गावातच झालं, इतवारीतून नंदनवनात, सायकलनं पाव तासाच्या अंतरावर. सुनेच्या ऑफिसातून एका बाजूनं कोरे कागद येतात, ते मी टाकू देत नाही. त्यावरच लिहिते आहे. दुपारचे दोन वाजले आहेत, घरात कोणी नाही, देवापुढचा दिवा अजून तेवतो आहे, आणि मागच्या खोलीतून कात्रीचा आवाज येतो आहे. जाड कागदावर चालते तशी, सावकाश, वळणावर थांबून. उठून पाहत नाही. पूर्वी पाहायची, तिथं कोणी नसायचं. आता तो आवाज संपेपर्यंत बसून राहते.

तुम्ही रद्दीच्या गोदामात मुनीम होतात हे मी सासरी सांगताना 'कागदाचा व्यापार' असं सांगायची, याची आता लाज वाटते. शाळेत असताना मी एकदा तुमचा डबा घेऊन तिथं आले होते. छतापर्यंत गठ्ठे, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी काट्याजवळ तुम्ही, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कामठीच्या छावणीतून साहेबलोकांची जुनी इंग्रजी मासिकं वजनावर यायची. गुळगुळीत कागद, आत चित्रं. तुम्ही सातवी शिकलेले, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या चित्रांखालची एकेक ओळ लावायचे. मालक गादीवरून ओरडले होते, "मुनीमजी, वाचून झालं असंल तर तोला आता. शब्दाचं वजन होत नाही, कागदाचं होते." आणि तुम्ही न चिडता म्हणालात, "शेठ, हे चार पानं मी घेऊन जातो. तुम्ही पुड्याच बांधसान त्याच्यात." मालकांनी हात हलवला. ती चार पानं शर्टाच्या आत, पोटाशी, घडी न घालता घरी आली. घडी पडली तर लढाईचा नकाशा मधोमध फाटतो, असं तुम्ही म्हणायचे.

वह्यांत आधी नुसत्या लढायाच चिकटवलेल्या होत्या. हत्ती, तोफा, खंदक, कुठल्याशा परदेशी किल्ल्याच्या भिंतीला लावलेल्या शिड्या. मग खेळ आले, कुस्ती, हॉकी, सायकलींच्या शर्यती. मग यंत्रं, पूल, रेडिओच्या पोटातले दिवे, शिवणयंत्र उभं कापून दाखवलेलं. शेजारचे हसायचे, यांना नक्की कशाचा नाद आहे म्हणून. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. लढाई संपली की माणूस तीच वस्तू घेऊन खेळतो, आणि खेळून कंटाळला की तिचं यंत्र करतो. भाला आधी माणसावर फेकला, मग मैदानात फेकला. घोडा आधी रणात, मग शर्यतीत, मग इंजिनाची ताकद मोजायला. आईला तुम्ही सांगितलं होतं की पत्र्याच्या बंद डब्यात अन्न टिकवायची युक्ती फौजेसाठी निघाली. आई तेव्हा चुलीपाशी होती. म्हणाली, "मंग फौजेले विचारा, आपल्या डब्यात तेल काहून टिकत नाही." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. तुमच्या हसण्याचा आवाज आता मला आठवत नाही. ठसका आठवतो.

खळ करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुपाच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात दोन मुठी मैदा, गार पाण्यात गुठळी मोडून घ्यायची, मग मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं, चमच्याला धरेपर्यंत. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद. बाईंडरकडून तुम्ही ते निळे खडे आणले होते आणि खलबत्ता वेगळा ठेवला होता. "हे विष आहे वं," तुम्ही म्हणालात, "पण हे नसलं तर कसर लागते. पिठाच्या वासानं किडे येतात, खळ खातात, खळीसंगं कागद खातात. राजा-महाराजाचे कागद गेले, आपले काय चीज. हात धुत जा." मी हात धुवायची. रविवारी दुपारी तुम्ही कात्री घेऊन बसायचे, मी डबा घेऊन. डब्यात डोकावून तुम्ही विचारायचे, "टाकलं का?" मी म्हणायची, "टाकलं." खळ फिकट निळी दिसायची आणि तुम्ही मान हलवून बोट बुडवायचे. दरेक रविवारी तेवढंच बोलणं. देवळात घंटा वाजवून आत जावं तसं.

एका सव्वीस जानेवारीला तुम्ही मला सीताबर्डीच्या किल्ल्यावर नेलं. वर्षातून एक-दोनदाच तो लोकांसाठी उघडतो, म्हणून गर्दी होती. तुम्ही कोणालाच सांगत नव्हता, मलाच सांगत होता, पण हळूहळू दहा-पंधरा माणसं आपल्याभोवती जमली. ही मोठी टेकडी, ती छोटी टेकडी. छोटी टेकडी राजाच्या फौजेनं घेतलीही होती, आता इंग्रजांकडची मोठीही पडणारच असं वाटत असताना दारूगोळ्याचा भडका उडाला आणि सगळं फिरलं. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा ऐकत होता. मग सगळ्यांसमोर तुम्ही मला विचारलं, "तू असती तर कोणत्या टेकडीवर उभी राहिली असती?" मी म्हटलं, "आई जिथं असंल तिथं." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. खाली उतरताना म्हणालात, "म्हणणं सोपं असते वं. गोळी सुटली का मंग समजते." मी दहा वर्षांची होते. हे वाक्य तुम्ही सहज बोललात, तुम्हाला पायऱ्या संपेपर्यंतही आठवलं नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या काकूंचं वासरू मेलं. त्यांच्याकडे एक तांबडी गाय होती, तिचं दोन महिन्यांचं वासरू, कपाळावर पांढरा ठिपका, गल्लीभर मोकळं फिरायचं. उरलेली खळ मी नेहमी नालीच्या कडेला, भाजीच्या सालपटांवर टाकायची. त्या रविवारी टाकली आणि दारातूनच पाहिलं, वासरू ती चाटून राहिलं होतं. मी हाकललं नाही. मला गंमत वाटली, कारण त्याच्या नाकाला निळं लागलं होतं. बुधवारी ते मेलं. काकू ओट्यावर बसून म्हणत होत्या, "काहीतरी खाल्लं लेकरानं माझ्या. काय खाल्लं, कोण टाकलं, देव पाहीन त्याच्याकडे." गाय पाच दिवस हंबरत होती. तुम्ही गोदामात असायचे, तुम्हाला तो आवाज फक्त सकाळ-संध्याकाळ ऐकू आला. मी दिवसभर ऐकला. कहाण्यांतून, पोथ्यांतून गायीवासराची हत्या म्हणजे काय ते मला नेमकं माहीत होतं. सात जन्म काय होतं, कोणत्या योनीत जावं लागतं, सगळं पाठ होतं. त्या चिमूटभर मोरचुदानंच ते मेलं का, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. जनावरांचे डॉक्टर आमच्या आळीत राहतात, भले गृहस्थ आहेत, रोज रामराम होतो. विचारलं नाही. त्यांनी हो म्हटलं तर पाप पक्कं होतं, आणि नाही म्हटलं तर तुमच्या वह्या मी उगाच घालवल्या. दोन्हीपैकी एकही उत्तर घेऊन मला घरी येता येणार नाही.

कारण त्यानंतर मी खळीत मोरचूद टाकलं नाही, बाबा. एकदाही नाही. खडे कमी होत जावेत म्हणून दर रविवारी एक खडा संडासात टाकायची. आणि खळ निळी दिसावी म्हणून कपड्याची नीळ टाकायची, नखावर मावेल एवढी. जास्त झाली तर जांभळट दिसते, कमी झाली तर राखाडी. दोन रविवारांत हात बसला. तुम्ही डोकावून विचारायचे, "टाकलं का?" मी म्हणायची, "टाकलं." पहिल्या तीन वह्या मोरचुदाच्या आहेत, त्यांत बहुतेक लढाया. चौथीपासून अकरावीपर्यंत नीळ. खेळ सगळे निळीचे, यंत्रं सगळी निळीची.

आईच्या ते लक्षात आलं. आपल्या घरात काय किती उरलं ते तिला डबा न उघडता कळायचं. एका सोमवारी धुणं वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून, ती म्हणाली, "नीळ लवकर सरून राहिली या घरात. पांढरं पाहावं तर बाबाचं एक धोतर, अन् तेही पिवळंच." मी वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडे उभी होते. तिला माझे फक्त पाय दिसत असतील. तिनं रिकामी बादली उचलली आणि आत गेली. पण पुढच्या रविवारी मी खळीचा डबा काढायला फडताळ उघडलं, तर डब्याशेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली निळीची छोटी पुडी होती. कपड्यांची वेगळी, खळीची वेगळी. त्यानंतर ती पुडी कधी रिकामी झाली नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वासरू तिनंही पाहिलं होतं, आणि त्या रविवारपासून उरलेली खळ मी नालीवर न टाकता नळाखाली धुऊन काढते हेही तिनं पाहिलं असणार. तुम्ही जगभरच्या लढाया वाचायचे. घरात कोण कोणाच्या बाजूनं आहे ते मात्र तुम्हाला दिसत नव्हतं.

मी मॅट्रिक पास झाले तेव्हा तुम्ही मला भिंग दिलं. पितळी कडीचं, काळ्या लाकडी दांड्याचं, रद्दीबरोबर आलेलं, पण तुम्ही चिंचेनं घासून नवं केलेलं. घरात पेढे वाटले गेले, धाकटी भिंग घेऊन गल्लीभर मुंग्या पाहत फिरली. तुम्ही मला पुढं शिकवायचं म्हणत होतात, स्थळ आलं म्हणून ते राहिलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून जे बोललात ते बोलला नसतात तर बरं झालं असतं. "मी मेल्यावर शंभर वर्षं राहतीन ह्या वह्या," तुम्ही म्हणालात. "तुह्या खळीच्या भरवशावर." त्याच भिंगानं मी आज पोथी वाचते. दरेक ओळीत अक्षर मोठं होतं आणि मधोमध तुमचं ते वाक्य असतं.

मग तो दिवस. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तुमच्या मालकांचे पाहुणे, कोणी मास्तर, वह्या पाहायला घरी आले होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मुद्दाम पाहायला आलं होतं. तुम्ही धुतलेलं धोतर नेसला होतात. वह्या काटोलहून आलेल्या संत्र्याच्या लाकडी पेटीत असायच्या आणि पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, माठाच्या तिवईजवळ, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. तुम्ही सातवी वही काढलीत, उघडलीत, आणि पुलाचं चित्र पापडासारखं तुटून मास्तरांच्या मांडीवर पडलं. त्याखालून चंदेरी किडे धावले. तुम्ही आठवी उघडलीत. नववी उघडलीत. मास्तर भले, म्हणाले, "होते असं, जुना कागद आहे." चहा पिऊन ते गेले. मग तुम्ही आईकडे वळलात. मी तिथंच होते, पोळपाटापाशी, लाटणं हातात. "पाण्यापाशी पेटी ठेवते? अक्कल आहे का तुले? वीस वर्षं मी कागद गोळा करून राहिलो अन् तू ओलीत घालून राहिली." तुमचा तसा आवाज घरात कोणीच ऐकला नव्हता. धाकटी दाराआड रडायला लागली. आईनं एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. लाटणं थांबलं आहे, पोळी जाड होईल, एवढंच जणू ती पाहत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "चुकलं. उद्या हलवते."

गोळी सुटली तेव्हा मी कोणत्या टेकडीवर होते ते मला समजलं. मी पोळी लाटली.

तुम्ही आईशी बरेच दिवस बोलला नाहीत. ताटात मीठ नसलं तर मागायचे नाहीत, तसंच जेवायचे. मग हळूहळू बोलायला लागलात, पण पेटीचा विषय निघाला की तुमची मान तिच्यापासून वळायची, आणि तुम्ही गेलात त्या वर्षापर्यंत ती वळत राहिली. नवी चित्रं तुम्ही चिकटवली, अकरावी वही भरत आणलीत, पण विचारणं तेवढं बंद झालं. डब्यात डोकावून "टाकलं का?" असं परत कधी विचारलं नाहीत. माझ्या खळीवर तुमचा एवढा विश्वास होता की दोष पाण्याचाच असणार. तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण तेव्हाही मी "टाकलं"च म्हटलं असतं.

तुमच्यामागं आई माझ्याकडे राहायला आली, वह्यांसकट. दर वैशाखात ती अंगणात दोन बाजा टाकायची, त्यांवर धुतलेलं लुगडं, आणि एकेक वही उघडून उन्हात ठेवायची, पानापानात कडुलिंबाचा पाला. अक्षर तिला वाचता येत नव्हतं. हाताच्या पालथ्या बाजूनं पान उलटायची, घाम लागू नये म्हणून. एकतीस उन्हाळे. मला हाक मारून विचारायची, "हे काय लिहिलं वं?" अकराव्या वहीत हॉकीच्या कुठल्याशा संघाचा फोटो होता, त्याखाली तुमच्या अक्षरात, डावीकडून तिसरा अनवाणी आहे. "अनवाणी काहून?" "माहीत नाही आई." "बाबानं नाही लिहिलं?" "एवढंच लिहिलं." पुढं किड्यांनी तो फोटो खाल्ला. पानावर निळसर डागांची एक चौकट उरली आणि खाली तेवढी ओळ. तरी आई दर वर्षी त्या पानावर थांबायची, रिकाम्या चौकटीवर डावीकडून बोट मोजत न्यायची आणि म्हणायची, "इथं तो बिनाचपलेचा होता ना?" मी हो म्हणायची. ती गेली त्या उन्हाळ्यातही बाज टाकून घेतली होती तिनं. त्याला अकरा वर्षं झाली. मी पाला घालते, पण तिच्यासारखं पान उलटणं मला जमत नाही.

धाकटी शाळेतून रिटायर झाली हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तिनं आयुष्यभर इतिहास शिकवला आणि प्रत्येक वर्गात तुमचं नाव घेतलं. आता तिला या वह्यांचे पानन् पान फोटो काढून ठेवायचे आहेत. काल आली, जमिनीवर चादर पसरली, मोबाइल काढला. पहिल्या तीन वह्या होईपर्यंत खुशीत होती. चौथी उघडली आणि थांबली. पाचवी. सहावी. रिकाम्या चौकटी आणि खाली तुमचं अक्षर, 'हे चाक पाहावे', 'याच तोफेचा आवाज तीन कोसांवर गेला', 'उजवा हात पाहा, पकड कशी'. बघायला काही नाही आणि तुम्ही पाहा म्हणताय. ती म्हणाली, "आईनंच मातीत घातल्या बाबाच्या वह्या. माठापाशी ठेवायची काही गरज होती का, सांग ना ताई." हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. लग्नात, बारशात, आईच्या तेराव्यालासुद्धा. दर वेळी मी हुं म्हटलं. परवा फोनवरही म्हटलं. काल देवापुढं बसले होते, हातात वात होती. तिथूनच म्हणाले, "माठाचं काही नव्हतं वं त्याच्यात."

"मंग?"

"खळीत मोरचूद नव्हतं."

"तूच तर टाकायची."

"मी नीळ टाकायची."

"कपड्याची नीळ?" ती हसली. आधी तिला खरंच हसू आलं. मग मी वासराचं सांगितलं, ती ऐकत गेली आणि हसू उतरत गेलं. "लहान होती तू," ती म्हणाली, "अकरा वर्षाचं लेकरू, भ्यायली असशील. त्याच्यात काय." मग थोड्या वेळानं, मोबाइलकडे पाहत, "पण बाबा बोलले तवा तू अकराची नव्हती. तवा तर मॅट्रिक झाली होती तू. कुठं होती?"

"तिथंच. पोळपाटापाशी."

"अन् आई बोलणं खाऊन राहिली होती."

"हो."

ती चौथ्या वहीचं पान उगाच सरळ करत राहिली. मग तिनं विचारलं, "आईले माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

आता तुम्हीच पाहा, बाबा. पन्नास वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातही शेवटचा शब्द खोटाच. आईचं नाव धुतलं, ते बरं झालं. धाकटी आता कोणत्याही बारशात ते वाक्य म्हणणार नाही. पण आईला माहीत होतं हे माझ्यानं तिला सांगवलं नाही. आधी वाटलं, आईला तुमच्याशी खोटं वागलेली कशाला ठरवायची. रात्रभर विचार करून आज सकाळी पूजेत खरं कारण सापडलं. धाकटी आईची लाडकी होती. तिला रेशमी फ्रॉक, तिला दुधावरची साय, तिच्या परीक्षेला आई दाराशी उभी. फडताळातली ती पुडी आणि ते एकदाच माझ्याकडे पाहणं, एवढंच आईनं मला एकटीला दिलं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं.

जाताना धाकटीनं दहा वह्या बांधल्या आणि अकरावी माझ्यापुढं ठेवली. "ही तू ठेव. मले नको हे पाहाले," म्हणाली. रागानं नाही, पण पायाही पडली नाही. दर वेळी पडते. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बिनाचपलेचं पान त्याच्यातच आहे. माहीत आहे मले."

आज जेवणं आटोपल्यावर मी खळ केली. मैदा दोनच चमचे, डबा जुना नाही, स्टीलचं पातेलं. सकाळी दुकानातून मोरचुदाची पुडीही आणली होती. दुकानदार म्हणाला, "काहून मावशी, झाडाले कीड लागली का?" मी म्हटलं, हो. हे पत्र पाठवायचं कुठं? डावीकडून तिसरा अनवाणी आहे, त्या ओळीच्या वरच्या चौकटीत घडी घालून चिकटवायचं असं ठरवलं आहे. जागा बरोबर तेवढीच आहे. आणि या वेळी नीट चिकटवायचं, शंभर वर्षं राहील असं. खळ उतरवली. मोरचुदाची पुडी ओट्यावर होती. खिडकीतून फाटक दिसतं. आमच्या आळीतली गाय रोज चारच्या सुमारास येते, मी तिच्यासाठी पहिली पोळी काढून ठेवते, लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नाही. वसुबारसेला तिच्या वासराला कुंकू लावताना मी आधी त्याचं नाक पदरानं पुसते, घरचे म्हणतात वय झालं. आज ती लवकर आली होती. फाटकावर मान टेकून उभी होती, आत पाहत. वासरू संगं होतं.

कात्रीचा आवाज थांबला आहे. खळ बोटानं पाहिली, गार झाली आहे, चमच्याला धरते आहे, रंगही बरोबर जमला आहे. तुम्ही डोकावला असता तर मान हलवली असती. आजही नीळच टाकली, बाबा.